बांधावरची भाजी

श्रावणात पावसानं चांगला जोर धरला होता, आणि भाद्रपद लागताच तो असा पसार झाला की सूर्याजी रोज सकाळी आभाळाकडं बघून त्याचा उद्धार करायचा. बाजरी कमरेपर्यंत येऊन थबकली. गवत करपलं, म्हशींचं दूध आटलं, आणि शहराच्या लष्कर भागात घरोघरी दूध घालणाऱ्या माणसाला याहून मोठं दुखणं नसतं. पहाटे कॅन मोटारसायकलला अडकवून तो फूलबागेकडं निघायचा, दुपारी परत आला की विळा घेऊन नाल्याकाठी चारा शोधायचा, आणि संध्याकाळी कोणी साधं काही विचारलं तरी अंगावर यायचा.

घाटीगावच्या वाटेवर, दगडाच्या खाणींच्या त्या मुलखात मराठी बोलणारं हे एकच घर. पूर्वज कधीकाळी दख्खनेतून फौजेबरोबर आले, लढले, आणि त्याबद्दल त्यांना जमीन मिळाली. जमीन कसली, निम्मी टेकडीच होती. त्या टेकडीवर नांगर चालवायचं धाडस घराण्यातल्या एकाही शूरवीराला झालं नाही.

पण शालिनीताईंचं, म्हणजे सूर्याजीच्या आईचं, सगळं वजन त्या टेकडीवरच होतं. ऋषिपंचमीला बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. नांगरलेल्या मातीतलं काही चालत नाही, आपोआप उगवलेलं आणि हातानं खुडलेलं लागतं. लष्करातल्या जुन्या मराठी घरांना ही भाजी कुठून मिळणार? ती दरवर्षी शालिनीताई घेऊन जायच्या, गणपतीच्या दिवशी संध्याकाळी, शहरात गोरखीजवळ राहणाऱ्या लीलाताईंकडं. तिथून जुड्या घरोघरी जात. विकायचा प्रश्न नव्हता. लीलाताई ओटी भरत, चहा देत, पाटावर शेजारी बसवून घेत. पण त्याआधी दारातच विचारत, "शालिनी, तुझ्या हातची ना?" आणि शालिनीताई म्हणत, "माझ्याच हातची." मगच लीलाताई पदर पसरत. एका वर्षी शालिनीताई तापानं पडल्या होत्या म्हणून सूर्याजी दुसरीकडून भाजी मिळवून घेऊन गेला, तर ती तशीच परत आली होती.

यंदा अडचण वेगळी होती, आणि ती फक्त शालिनीताईंना ठाऊक होती. रक्तातल्या साखरेनं त्यांचा उजवा डोळा खाल्ला होता. डाव्यानं माणूस दिसे, पण माणसाचा चेहरा दिसत नसे. डॉक्टरकडं त्या एकट्याच जाऊन आल्या होत्या. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. घरी येऊन त्यांनी सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. सूर्याजी फार मायाळू होता, हीच पंचाईत होती. त्याला कळलं असतं तर त्यानं आईला खाटेवर बसवून हातात चहाचा कप दिला असता, आणि पुन्हा उठू दिलं नसतं. शालिनीताईंना त्या खाटेची भीती वाटत होती.

म्हणून त्यांनी सुनेला हाताशी धरलं.

गरिमा गेल्या हिवाळ्यात लग्न होऊन आली होती. माहेर शहरातल्या नया बाज़ारात, कापडाच्या दुकानावरच्या माडीवर. पालेभाज्यांत तिची ओळख कोथिंबीर आणि पुदिना यांच्याशी, तीही जुडी बांधलेली असेल तर.

"डोळे मीट," शालिनीताई म्हणाल्या.

"आई, आत्ता तर उघडून पण काही समजून नाही राहिलं."

"मीट म्हणते ना. आता हे पान चुरड. वास घे."

गरिमानं नाक मुरडलं. "छी. मतलब, उग्र आहे एकदम. शिळ्या चहासारखं काहीतरी."

"टाकळा. इकडचे लोक पमार म्हणतात. कोवळा असताना खुडायचा. हे घे, जाड पान आहे, दाबून बघ."

"पाणी आहे आत. देठ गुळगुळीत." तिनं जिभेला लावलं. "आंबट!"

"घोळ. आणि हिच्या शेजारी, जमिनीला अशीच चिकटून, दुद्धी उगवते. लांबून दोघी सारख्या. देठ मोडायचा. दूध आलं की फेकून द्यायची, पोटात जाता कामा नये. प्रत्येक वेळी मोडायचा, कंटाळायचं नाही."

हे असं रोज चाललं. तांदुळजा, त्याचा काटेरी भाऊ, पानांमागं लपलेली करटोली, पायांना सूज आली की उकळून प्यायची घेटुळी, पंचमीला दात घासायच्या आघाड्याच्या काड्या. आघाड्यानं तर गरिमाच्या ओढणीवर बियांची झालरच लावली. सुरुवातीला ती चिडायची. मोबाईलवर फोटो काढून ठेवू का, म्हणाली, तर सासूबाई म्हणाल्या, "काढ की. पण मोबाईलला वास येतो का?" मग हळूहळू तिला मजा यायला लागली. चुलीपाशी बसल्याबसल्या ती बोटं नाकाशी नेऊन सकाळची भाजी आठवायची.

एक गोष्ट मात्र तिला खटकत होती. डोळे मिटायला तिला सांगितलं जायचं, पण उघड्या डोळ्यांनी सासूबाईही पान बघत नव्हत्या. त्या ते चाचपत होत्या. एकदा गरिमानं मुद्दाम काही न बोलता तांदुळज्याची काडी पुढं धरली. शालिनीताई तिच्या मागं, गोठ्याकडं बघत राहिल्या. गरिमानं काडी हळूच खाली घेतली आणि कोणाला काही बोलली नाही.

चतुर्थीला सकाळी गणपती बसला, मोदक झाले, आणि आरती आटोपताच शालिनीताईंनी टोपली काढली.

"टेकडीवर?" गरिमानं विचारलं.

"टेकडी वाळून गेली असेल. यंदा बांधावर बघू. शेजारच्या विक्रमसिंहच्या."

"पण शेतातलं चालत नाही ना?"

"बांध म्हणजे शेत नव्हे. बैल बांधावर चढतो का?"

सूर्याजी ओसरीवर मोदक खात होता. त्या दिवशी तो जरा खुशीत होता. "आई, आता गावात बैल राहिलेत कुठं? सगळे ट्रॅक्टरनं नांगरतात. ट्रॅक्टरच्या कष्टाचं चालतं का ऋषींना?"

"ऋषींना विचारून सांगते," शालिनीताई म्हणाल्या. "तू मोदक मोज."

टेकडी पार वाळली नव्हती. टेकडीवर दगड होते, आणि श्रावणात शालिनीताई तिथं एकट्याच गेल्या असता दोनदा पडल्या होत्या. गुडघ्याचं खरचटणं त्यांनी लुगड्याखाली लपवलं होतं. बांध सपाट होता, आणि विक्रमसिंहच्या ट्यूबवेलमुळं तिथं ओल होती.

बांधावर खरोखर भाजी माजली होती. शालिनीताई उकिडव्या बसल्या आणि त्यांची बोटं पाण्यात सोडल्यासारखी पळायला लागली. देठ मोड, चाचप, टोपलीत टाक. इतक्या आनंदात गरिमानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "बघ किती रसरशीत घोळ आहे. लीलाताई खूश होतील."

गरिमा दोन हात पुढं तांदुळजा खुडत होती. तिला शेंडे जरा पिवळट वाटले. तांदुळज्याच्या कोवळ्या पानांच्या कडा आत वळल्या होत्या. मुळाशी असलेलं गवत पिळल्यासारखं आडवं पडलं होतं. तिला काय कळतंय त्यातलं? तरी ती म्हणाली, "आई, ही थोडी पीली दिसून राहिली."

"कुठं?"

"ही काय, हातात."

शालिनीताईंनी मान वळवली ती गरिमाच्या हाताच्या पलीकडं. तिथं नुसतं दगडी कुंपण होतं. त्यांनी थोडा वेळ कुंपण न्याहाळलं आणि म्हणाल्या, "पाण्याचा ताण आहे. नया बाज़ारातल्या गाड्यावरची भाजी नाही ही, पाणी मारून चकचकीत केलेली. तू खुड."

शब्द लागले. गरिमानं मान खाली घालून खुडायला सुरुवात केली. पण तिच्या मनातून ते पिवळे शेंडे जाईनात.

अंगणात शालिनीताई जुड्या बांधायला बसल्या. प्रत्येक जुडीत घोळ, तांदुळजा, टाकळा, आणि वर आघाड्याची काडी. टोपली भरत आली तशी त्या गुणगुणायला लागल्या. गरिमा म्हणाली, "माझी पाण्याची बाटली राहिली बांधावर," आणि निघाली. बाटली तिच्या हातातच होती, पण ती बघायला शालिनीताईंना डोळे नव्हते.

या वेळी ती बांधाच्या दुसऱ्या टोकाकडून गेली. तिकडचं टोक पूर्ण पिवळं पडलं होतं. घोळ, दुद्धी, गवत, सगळं एका रंगाचं. ट्यूबवेलपाशी खाटेवर विक्रमसिंह बसला होता आणि खाटेखाली पाठीला लावायची फवारणीची टाकी होती.

"भैया, मेड़ पर दवा डाली है क्या?"

"हाँ भाभी. इस पीली तरफ़ से शुरू की थी, दूसरी तरफ़ परसों शाम को मारी. घास में चूहे बहुत हो गए थे. दो-चार रोज़ में सब सूख जाएगा." मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं. "क्यों, काकी ने कुछ तोड़ा तो नहीं? काकी तो हमेशा टेकरी पर जाती हैं, इसलिए बोला नहीं. कल सबेरे सामने से निकलीं, मैंने दूर से हाथ भी हिलाया, देखा ही नहीं उन्होंने."

"नहीं भैया," गरिमा म्हणाली, आणि धावतच परत फिरली. धावताना तिच्या डोळ्यांसमोर लीलाताईंचं घर आलं, जे तिनं कधी पाहिलं नव्हतं. उपासाच्या म्हाताऱ्या बायका पाटावर बसल्यात आणि पानात ही भाजी वाढली जातेय.

अंगणात सूर्याजी मोटारसायकल पुसत होता. टोपलीवर ओलं फडकं पडलं होतं. शालिनीताईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

"चल लवकर," सूर्याजी म्हणाला, "सडकेवर सोडतो तुम्हाला. टेम्पो निघून जाईल."

काय सांगावं? बांधावर दवा आहे म्हटलं तर सूर्याजीचा पहिला प्रश्न असणार, आईला दिसलं कसं नाही? आणि तो प्रश्न आला की उत्तरही येणार. गरिमानं सासूबाईंकडं बघितलं. ठेवणीतल्या लुगड्याचे काठ त्यांनी बोटांनी चाचपून सरळ केले होते, तरी एका बाजूनं खाली लोंबत होते. 

"अहो, थांबा," ती म्हणाली. "मी गडबड केली. दुद्धी मिसळली भाजीत. सगळी फेकावी लागेल."

"काय?"

"मला ओळखू नाही आली. सॉरी."

"सॉरी?" सूर्याजीचा आवाज चढला. पावसाचा, म्हशींचा, चाऱ्याचा, सगळा राग त्याला एकदम सापडला. "सण आहे उद्या. इतके दिवस आई तुझ्या मागं लागून शिकवतेय, आणि तुला साधं एक पान दिसत नाही? आंधळी आहेस काय?"

 शेळी टोपलीच्या दिशेनं मान लांबवत होती, तिच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजली.

शालिनीताई खाली बसल्या. त्यांनी फडकं बाजूला केलं, एक जुडी सोडली आणि एकेक देठ मोडायला लागल्या. मोडायच्या, बोट फिरवायच्या, बाजूला टाकायच्या. मग दुसरी जुडी सोडली.

"यात दुद्धी नाही," त्या म्हणाल्या. "एकेक देठ माझ्या बोटाखालून गेलाय. गरिमा, काय आहे ते खरं सांग."

गरिमा मोडलेले देठ गोळा करायला लागली.

"सांग म्हणते ना."

"बांधावर दवा मारली आहे, आई. विक्रमसिंह भैयानं सांगितलं. दुसरं टोक पूर्ण जळून गेलंय."

"अरे देवा," सूर्याजी म्हणाला. "मग खुडताना कळलं नाही? पिवळं पडलं असेल की."

"पडलं होतं," शालिनीताई म्हणाल्या. "तिला दिसलं होतं. तिनं मला सांगितलं पण. मीच तिला गप्प केलं." त्यांनी हातातले देठ खाली ठेवले. आता त्या बोलल्या नसत्या तर काहीही बिघडलं नसतं. गरिमानं दोष अंगावर घेऊन दार लावून घेतलं होतं आणि आत त्या सुरक्षित होत्या. फक्त त्या सुनेच्या हातची भाजी पुढं जन्मात कोणी घेतली नसती. "तिला आंधळी म्हणू नकोस, सूर्या. मला दिसत नाही. उजवा गेलाय. डावा जाऊन राहिलाय."

सूर्याजीच्या हातात ओलं फडकं होतं, त्यातून पाणी पायावर ठिबकत होतं. "कधीपासून?"

"तुझ्या लग्नात मी तुला कुंकू लावलं, ते नाकावर लागलं. सगळे हसले. तू पण हसलास."

 मग तो शेळीवर विनाकारण खेकसला, तिला खुंट्याला बांधून आला, आणि नाक ओढत म्हणाला, "आता कुठं जायचं नाही तू. बस इथं. मी लीलाकाकूंना फोन करून सांगतो की यंदा..."

"काही सांगू नकोस. उद्या पंचमी आहे. ऊन आहे अजून." शालिनीताई उठल्या. "ही भाजी पुरून टाक, खोल. शेळीनं तोंड लावता कामा नये. गरिमा, टेकडीवर चल."

"मी येतो बरोबर," सूर्याजी म्हणाला.

"तू म्हशी बघ. तुला पुदिना आणि गाजरगवत सारखंच."

इतक्या सगळ्यातही गरिमाला हसू आलं. तिनं तोंडावर ओढणी धरली.

टेकडीची वाट चढताना शालिनीताईंनी सुनेच्या दंडाला धरलं. पहिल्यांदा नुसतं टेकवल्यासारखं, मग घट्ट.

"दगड आहे. डावा पाय उचला. आता सपाट."

"पुढं काय दिसतं ते बोल. सगळं बोल."

"गवत सुकलंय. खाली हिरवं आहे थोडं, मोठ्या शिळेच्या सावलीत. शेंडे..." ती वाकून बघून आली. "शेंडे साफ आहेत, आई. एकदम हिरवे."

"आण बघू."

गरिमानं पान आणलं, शालिनीताईंनी चुरडून वास घेतला, मान डोलावली. पुढच्या पानाला गरिमा आधीच म्हणाली, "तांदुळजा, बिनकाट्याचा." आणि तो तांदुळजाच निघाला.  एक बघायची, दुसरी हुंगायची. पावसानं दगा दिल्यामुळं भाजी विरळ होती. प्रत्येक शिळेच्या आडोशाला मूठभर सापडे. एकदा गरिमाचा पाय घसरला आणि सासूबाईंनीच तिला ओढून धरलं. डोळे गेले होते, पण हातातली ताकद होती तशीच होती.

जुड्या झाल्या त्या टोपलीच्या तळाला मावल्या.

गोरखीजवळ पोचेपर्यंत दिवे लागले होते. कुठल्यातरी घरातून आरतीच्या टाळांचा आवाज येत होता. लीलाताईंचं घर वरच्या मजल्यावर, जिना अरुंद. त्या दारातच उभ्या होत्या, केस पांढरेशुभ्र, नाकात नथ.

"किती उशीर गं शालिनी! मला वाटलं यंदा येतेस की नाही." मग टोपलीत डोकावल्या. "एवढ्याच?"

"एवढ्याच, लीलाताई. पाऊस नाही. आणि बांधावर लोक दवा मारतात आता."

"असू दे. पानात एकेक चमचा वाढू." लीलाताईंनी पदराचं टोक हातात घेतलं आणि दरवर्षीचा प्रश्न विचारला. "तुझ्या हातची ना?"

शालिनीताईंनी टोपली खाली ठेवली. गरिमाला वाटलं, हो म्हणून टाकतील. म्हटलं असतं तर फारसं खोटंही झालं नसतं.

"नाही," शालिनीताई म्हणाल्या. "यंदा हिच्या हातची. माझी सून, गरिमा. मला दिसत नाही आता."

लीलाताईंच्या हातातला पदर तसाच राहिला. त्यांनी शालिनीताईंच्या चेहऱ्याकडं निरखून बघितलं. पण नेम तो नेम. त्यांनी वाकून जुडीतून एक पान काढलं आणि गरिमापुढं धरलं.

"ही कोणती, सांग."

गरिमानं पान घेतलं. डोळे मिटले, पान बोटांत चुरडलं आणि नाकाशी नेलं.

"टाकळा."

"डोळे का मिटलेस गं?"

"आईंनी असंच शिकवलंय."

लीलाताईंनी तिच्या हातांकडं बघितलं. नखांत हिरवं-काळं भरलं होतं, एका बोटाला काटा लागून रक्त सुकलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी पदर पसरला.

"घाल," त्या म्हणाल्या.

गरिमानं एकेक जुडी त्या पदरात ठेवली. मग चहा झाला, ओटी भरली, आणि या वेळी पाटावर दोघींना शेजारीशेजारी बसवलं गेलं.  लीलाताई मध्येच शालिनीताईंचा हात हातात घेत आणि सोडत.

निघताना शालिनीताई जिन्याच्या तोंडाशी थांबल्या. दरवर्षी त्या कठड्याला धरून आपल्याआपण उतरत. आज त्यांनी हात मागं केला आणि लीलाताईंच्या देखत, मोठ्यानं म्हणाल्या, "गरिमा, पायरी आली की सांग."

"आली, आई," गरिमा म्हणाली, आणि त्यांचा हात धरून एक पायरी खाली उतरली.